तापलेल्या इंजिनांचा उन्हाळा

जेवताना मामा मधेच चावणं थांबवायचे. घास तोंडात तसाच, हात ताटावर, नजर पत्र्याच्या छताकडे. मग मला आणि मामीलाही तो आवाज ऐकू यायचा. पारोळ्याच्या किल्ल्यावरून वळसा घेत एखादं छोटं विमान माळाकडे निघालेलं असायचं. आवाज विरला की मामा पुन्हा चावायला लागायचे. कधी म्हणायचे, "बरं शे," कधी काहीच नाही. काहीच बोलले नाहीत की समजायचं, उद्या सकाळी त्या विमानाचं झाकण उघडणार. मामी म्हणायची, "कळण्याची भाकरी गार झाली की दगड होते. तुमच्या विमानाला जेवण झाल्यावर यायला सांगा."

वडील गेल्यावर आईने मला या घरी ठेवलं. ती फैजपूरला केळीच्या बागांत कामाला जायची, पदरात माझी दोन धाकटी भावंडं होती. मामा-मामींना मूल नव्हतं. मी कोणाची, असा प्रश्न त्या घरात कधी कोणी विचारला नाही. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव होतं, पण गल्लीत मी 'मेकॅनिकभाऊंची सुमन' होते. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे लिहिताना मी ती बरीचशी पुस्तकी करून घेतली आहे. काही वाक्यं मात्र मला दुसऱ्या भाषेत ऐकूच येत नाहीत, ती तशीच ठेवते.

गावाबाहेरच्या माळावर तेव्हा विमान शिकवणारी एक खासगी संस्था होती. आज तिथे काही नाही. रस्ता मोठा झाला, धावपट्टीच्या जागी कोणीतरी कापूस लावतं. पण त्या काळी जळगाव-धुळ्याकडची आणि पार नागपूरकडची पोरं तिथे शिकायला यायची, गावात खोल्या घेऊन राहायची, आणि संस्थेची तीन छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालायची. मामा तिथले परवानाधारक इंजिनियर. विमान उडायच्या लायकीचं आहे, ही सही त्यांची असायची. बारावी झाल्यावर आयटीआय केलं आणि मीही तिथेच हाताखाली लागले. हँगरमध्ये बाई मी एकटीच. मामीला ते आवडलं नव्हतं, पण मामा म्हणाले, "पोरीचा हात हलका आहे, आणि ती कामात घाई करत नाही. मला अशीच माणसं लागतात." एवढ्यावर विषय संपला.

त्या इंजिनांना पाणी नसतं, हे ऐकून आजही लोकांना नवल वाटतं. मोटारीला रेडिएटर असतो, पाणी फिरतं आणि इंजिन गार राहतं. ही छोटी इंजिनं मात्र वाऱ्यावर जगतात. समोरच्या दोन भोकांतून वारा आत शिरतो, सिलिंडरच्या वर साठतो, आणि सिलिंडरच्या अंगावर ज्या पातळ पात्या असतात त्यांच्यामधून खाली उतरत मागे निघून जातो. जाताना उष्णता घेऊन जातो. वाऱ्याने हीच वाट धरावी म्हणून इंजिनाभोवती पत्र्याच्या भिंती उभ्या केलेल्या असतात, आणि भिंतींच्या वरच्या काठाला रबराची पट्टी लावतात. ती पट्टी वरच्या झाकणाला, म्हणजे काउलला, चिकटून बसली पाहिजे. तिथे फट पडली तर वारा सोपी वाट धरतो. माणसासारखाच. सिलिंडरवरून जाण्याऐवजी फटीतून निसटतो, आणि आतलं लोखंड तापत राहतं.

खानदेशातल्या उन्हाळ्यात मुळात वाराच तापलेला. धावपट्टीवर अनवाणी पाय टेकवत नसे. विमानाच्या पंखाला चुकून कोपर लागलं तर कातडी लाल व्हायची. त्यात आमच्या वाट्याला वेगळी दुखणी. जिनिंगच्या हंगामात कापसाचं तूस हवेत तरंगायचं, ते पात्यांमध्ये बसायचं, त्यावर तेल आणि धूळ, की नमद्यासारखा जाड थरच तयार व्हायचा. कुंभारीण माशी नळ्यांमध्ये मातीची घरं करायची. दुपारी विमान उभं राहिलं आणि आम्ही जेवायला गेलो, की परत येईपर्यंत साळुंक्यांनी झाकणाच्या आत काड्या आणून टाकलेल्या असायच्या. रोज सकाळी बॅटरी आणि ब्रश घेऊन मी सिलिंडरच्या मागे डोकं घालायचे. मामांचं ठरलेलं वाक्य होतं: "दिसतंय ते बघू नको, जिथं दिसत नाही तिथं बघ."

उडवणाऱ्यांनाही त्यांची शिस्त असायची. उन्हाळ्यात नाक फार वर करून चढायचं नाही, वेग ठेवायचा, म्हणजे वारा जास्त मिळतो. उतरल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, वाऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ हळू चालू द्यायचं. आमचे शिकवणारे कॅप्टन सय्यद, जळगावच्या लाकूड व्यापाऱ्यांच्या घरातले, तिशीही न गाठलेले. त्यांची आणि मामांची फार गट्टी. ते मामांना 'नाना' म्हणायचे. एखादं पोरगं उतरल्या उतरल्या किल्ली फिरवायला लागलं की ओरडायचे, "अरे, घोड्याला दौडवून आणून लगेच बांधतोस का? चालव जरा!"

त्या वर्षी रबराच्या पट्ट्या फाटायला आल्या होत्या. खऱ्या पट्ट्या बाहेरून यायच्या, खास मोठी उष्णता सोसणाऱ्या, नारिंगी रंगाच्या. मागवल्या होत्या, पण येत नव्हत्या. व्यवस्थापक देसले साहेब रोज फोन करायचे आणि रोज तेच उत्तर मिळायचं. पोरांचे उड्डाणाचे तास पावसाळ्याआधी पुरे व्हायला हवे होते. फाटक्या पट्ट्यांवर उडवणं मामांना मान्य नव्हतं, विमानं उभी ठेवणं देसल्यांना. शेवटी मामा जळगावला गेले आणि रबराचा माल करणाऱ्या एका दुकानातून कापड घातलेलं जाड काळं रबर घेऊन आले.

त्यांनी ते तसंच बसवलं असं कोणी समजू नये. आणल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी त्याचा तुकडा कापला, मामीचं जुनं पातेलं घेतलं आणि चुलीवर पाणी उकळत ठेवून त्यात तो टाकला. मामी बिबड्यांसाठी, म्हणजे पापडांसाठी, ज्वारीचं पीठ शिजवत होती, तिला ती चूल हवी होती. ती कुरकुरत बसली. मामा वेताच्या मोढ्यावर बसून पातेल्याकडे बघत राहिले. पुष्कळ वेळाने चिमट्याने तुकडा काढला, वाकवून पाहिला, ओढून पाहिला, माझ्या हातात दिला. तो पहिल्यासारखाच ताठ होता. "बठ्ठं ठीक शे," सगळं ठीक आहे, असं ते म्हणाले. मामी म्हणाली, "आता विमानांचं पण माझ्याच घरात शिजणार का?" आणि आम्ही तिघं हसलो. आमच्या तिघांचं एकत्र हसणं मला आठवतं ते हे शेवटचं. आधी पुष्कळदा हसलो असू, पण ती सगळी हसणी एकमेकांत मिसळून गेली आहेत.

तिन्ही विमानांना त्या पट्ट्या बसल्या. मामा रिव्हेट मारत होते आणि मी पट्टी धरून उभी होते. पहिली काही उड्डाणं सकाळची झाली, व्यवस्थित झाली. मग एका पोराने सांगितलं की तिसऱ्या विमानाचं तेल दुपारी जास्त तापतं. आम्ही झाकण उघडलं. पट्टी जागच्या जागी होती, पात्या साफ होत्या, नळ्या मोकळ्या. सिलिंडरच्या तापमानाचा काटा म्हणावा तर त्या विमानात एकच होता आणि तो चारांपैकी एकाच सिलिंडरला जोडलेला. आता नव्या इंजिनांना प्रत्येक सिलिंडरचं तापमान पडद्यावर वेगळं दिसतं. मी शिकणाऱ्या मुलांना तो पडदा दाखवते तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. वाटू नयेच.

मामा म्हणाले, "पोरांना नको पाठवायला. मी बघतो." दुपारच्या उन्हातच बघायला हवं होतं, कारण तक्रार दुपारची होती. सय्यद सर चालवायला, मामा त्यांच्या शेजारी, आणि मागच्या सीटवर मी, आकडे टिपून घ्यायला. याआधी मी विमानात बसले होते, पण मोजकंच. मला आनंद झाला होता. ते लिहायला जड जातं, पण झाला होता.

वर गेल्यावर खाली नांगरून पडलेली शेतं दिसत होती, काळी, मोठमोठ्या ढेकळांची. बोरी नदीची कोरडी रेघ दिसत होती. सिलिंडरचा काटा बरोबर जागेवर होता. तेलाचा काटा मात्र हळूहळू सरकत होता. मामांनी खांद्यावरचा पट्टा सोडला आणि काट्याजवळ वाकले. "सय्यदभाई, नाक खाली घ्या थोडं." सरांनी घेतलं. काटा थांबला नाही. करपलेल्या तेलाचा वास आला. "परत फिरू," मामा म्हणाले, आणि त्याच वेळी इंजिनाने हिसका दिला. मग असं हादरायला लागलं की माझे दात एकमेकांवर आपटत होते. एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकला होता, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की पंखा फिरतोय पण विमान ओढलं जात नाहीये.

धावपट्टी दूर राहिली होती. सय्यद सरांनी एक शेत निवडलं, आणि ते त्यांनी चांगलं निवडलं, हे मी चौकशीतही सांगितलं आणि आजही सांगेन. "नाना, पट्टा लावा!" ते ओरडले. मामांनी पट्टा लावला नाही. ते मागे वळले आणि माझा पट्टा ओढून पाहिला, घट्ट आहे ना म्हणून. मग वळून बसले, आणि स्वतःच्या पट्ट्याला हात घालेपर्यंत चाकं ढेकळांना लागली. पुढचं चाक रुतलं आणि विमान नाकावर उभं राहिलं.

धूळ बसली तेव्हा फार शांत होतं. तापलेलं लोखंड टिकटिक करत होतं. माझा डावा हात मला माझा वाटत नव्हता. सय्यद सर कपाळावरून रक्त वाहत असताना दाराशी झगडत होते. मामांचं डोकं समोरच्या पत्र्यावर आदळलं होतं. त्यांनी मान थोडी वळवली.

"सुमे, तुले लागनं का?"

"नाही मामा. तुम्हाला?"

"मले काही नही व्हयनं," ते म्हणाले. मग, "काउल उघडीसन देख. पट्टी देख."

शेतातली माणसं धावत आली. त्यांनी मामांना बाहेर काढलं, बाजेवर घातलं, रस्त्यावर नेलं आणि एका काळीपिवळी जीपमध्ये ठेवलं. धुळ्याच्या वाटेवर कधीतरी ते गेले. मी त्यांचा हात धरून होते, आणि तरी तो क्षण मला सांगता येत नाही. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी बघितलं आणि मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हणाले, "मुलगी."

दहावं झालं तेव्हा माझा हात प्लास्टरमध्ये होता. त्याच दिवसांत मी हँगरमध्ये गेले. मोडलेलं विमान ट्रॉलीवर आणून ताडपत्रीखाली ठेवलं होतं, मुंबईहून चौकशीची माणसं येणार होती, कोणी हात लावायचा नव्हता. मी हात लावला नाही. फक्त बॅटरी घेऊन फाटलेल्या झाकणातून आत पाहिलं. मागच्या बाजूची काळी पट्टी बाहेरच्या अंगाला पूर्ण उलटी झाली होती आणि तशीच बसली होती. झाकणाच्या आतल्या पत्र्यावर तेलाचा फराटा उमटला होता, वारा कुठून निसटत होता ते दाखवणारा. मग मी उरलेल्या दोन विमानांपाशी गेले. त्यातलं एक उन्हात उभं होतं. त्याच्या पट्टीवर तेलाचा ओलावा होता. बोट लावलं तर तेल पिऊन ती मऊ, लिबलिबीत झालेली लागली. जमिनीवर उभं असताना ती झाकणाला टेकून राहत होती. वर गेल्यावर, आतून वाऱ्याचा दाब आला की ती उलटणार होती.

देसले साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. वाईट माणूस नव्हता. त्यांनी मला आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "सुमन, पाखरू आदळलं असं सय्यदांना वाटतंय का, विचारून बघ. तुलाही तसंच काही दिसलं असेल. नानांच्या नावाला बट्टा लागायला नको. माणूस देवासारखा होता. पुढच्या आठवड्यात पोरं पुन्हा उडायला लागतील, सगळं मागे पडेल."

पोरं पुन्हा उडायला लागतील, हे त्यांनी धीर द्यायला सांगितलं होतं.

मी घरी आले. मामी गच्चीवर होती. सुतकाआधी घातलेले बिबडे उन्हात तसेच पडून होते, वाकडे झाले होते, तुटले होते, आणि ती ते एकेक करून टोपलीत भरत होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिचे हात थांबले नाहीत.

"त्यांनी तपासली होती ती पट्टी," ती म्हणाली. "माझ्या चुलीवर. तू होतीस."

"पाण्यात तपासली होती, मामी. तेलात नाही."

"म्हणजे चूक त्यांची."

मी एक तुटका बिबडा उचलून टोपलीत टाकला.

"बोल ना. तिथं साहेबांपुढे बोलणार आहेस, मग माझ्यापुढे बोल."

"हो. त्यांची."

तिने टोपली खाली ठेवली. "सगळा जन्म त्या माणसानं दुसऱ्याच्या लेकरांसाठी लोखंड चाचपण्यात घातला. आता लोक म्हणतील, स्वतःच्याच हातानं मेला आणि पोरीचा हात मोडला. आणि हे सांगणार कोण, तर ज्या पोरीला त्यानं वाढवलं ती."

"मामा असते तर त्यांनीच सांगितलं असतं."

"ते बठ्ठं मले माहीत शे," मामी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पण ते नाहीत ना. असते तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मी त्यांना चार शब्द बोलून जेवायला वाढलं असतं. आता त्यांच्या बाजूनं बोलणारं कोण आहे? मी एकटी. तू पण नाहीस."

आयुष्यात पुष्कळ लोकांशी वाद घातले, परीक्षा दिल्या, परवाना मिळवला, मोठ्या शहरांतल्या हँगरांमध्ये मोठ्या पदांवरच्या माणसांना 'हे विमान उडणार नाही' म्हणून सांगितलं. त्या गच्चीवर मात्र मी उरलेले बिबडे एका हाताने टोपलीत भरले आणि खाली उतरले. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माझंही नव्हतं.

चौकशीला मुंबईहून दोघं आले. मी त्यांना म्हणाले की मला बोलण्याआधी काही दाखवायचं आहे. कपाळाला टाके पडलेले सय्यद सर उठले आणि उन्हातल्या विमानात जाऊन बसले. त्यांनी इंजिन चालू केलं, पुष्कळ वेळ चालवलं, बंद केलं. मी एका हाताने झाकणाचे खटके काढले. त्यांच्यातल्या वयस्क साहेबांना म्हणाले, "पट्टीला आतून बोट लावा." त्यांनी लावलं. पट्टी बाहेर उलटली आणि उलटीच राहिली. त्यांनी बोट काढलं, बोटावरचं काळं बघितलं, रुमालाला पुसलं.

"ही कोणी बसवली?"

"माझ्या मामांनी. मी पट्टी धरून उभी होते."

"खरी पट्टी का नाही बसवली?"

"आली नव्हती. मामांनी ही उकळत्या पाण्यात तपासून बघितली होती. तेही लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतलं. देसले साहेब दारात उभे होते, ते बाहेर निघून गेले. सय्यद सरांनी खाली उतरून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. त्याच दिवशी दोन्ही विमानांवर 'उडवू नये' अशा लाल पाट्या लागल्या. अहवालात मामांचं नाव आलं. पट्टी न आल्याचंही आलं, पण ते खूप खालच्या ओळीत होतं.

त्यानंतर मामी माझ्याशी बोलली नाही. दोन वेळा जेवायला वाढायची, ताट सरकवायची, आणि आत जाऊन बसायची. भरीत असलं तर मला आवडतं तसं वरून जास्त कांद्याची पात घातलेलं असायचं, पण ती बोलायची नाही. शेवटी आई फैजपूरहून मला न्यायला आली. मामी दारापर्यंतही आली नाही. बस सुटेपर्यंत मी वाट बघितली. यावल सोडून केळीच्या बागा सुरू झाल्या तेव्हा आईने विचारलं, "रडत का नाहीस?"

संस्था पुढे काही वर्षं चालली आणि बंद पडली. त्या उन्हाळ्यात तिथे शिकणाऱ्यांपैकी काहीजण आज मोठी विमानं चालवतात. एकाची मध्यंतरी जळगावच्या विमानतळावर गाठ पडली. त्याला अपघात आठवत होता, मामांचं नाव आठवत नव्हतं. मी सांगितलं. सय्यद सरांनी पुन्हा कधी विमान चालवलं नाही. वखारीत बसले, आणि ईदला न चुकता मला फोन करायचे.

मामीला मी पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. लग्नाला बोलावलं, आली नाही. दिवाळीला एकदा दारापर्यंत गेले तर शेजारीण म्हणाली, आत आहे, पण उघडणार नाही. पुष्कळ वर्षांनी, तिच्या भावाच्या मुलाने तिला मोबाईल घेऊन दिला तेव्हा एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी 'हॅलो' म्हणाले. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"सुमन?"

"मामी!"

"तुझं बरोबर होतं का माझं, ते मी आता विचारत नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिने पाठ केलं असावं, तसं ते आलं. मग आवाज बदलला. "घर येऊ नको. तुले देखसू तं मले ते दिसतीन. पण फोन करत जाय."

मी करते. ती उचलते. गल्लीत कोण वारलं, कोणाच्या सुनेला काय झालं, यंदा ऊन किती आहे, हे सांगते. मामांचं नाव ती घेत नाही, मीही घेत नाही. मग ती म्हणते, "ठेव आता," आणि मी बंद करेपर्यंत पलीकडे तशीच थांबून राहते.